जीपला डिस्क ब्रेक लावताय? आधी चाकाचे नट तपासा

जुनी जीप सांभाळणाऱ्या माणसाला इंजिनाबद्दल विचारा, अर्धा तास कुठे गेला ते कळणार नाही. रंगाबद्दल विचारा, लगेच मोबाइलमधले फोटो निघतील. ब्रेकबद्दल विचारलंत तर मात्र हसून उत्तर येतं, ‘‘थांबते हो, फक्त जरा आधीपासून दाबत राहायचं!’’

गंमत सोडली तरी यात बरंच तथ्य आहे. स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि त्या घराण्यातल्या गाड्या पुढे कित्येक दशकं आपल्या रस्त्यांवर धावल्या. जुन्या विलीजला चारही चाकांना ९ इंची ड्रम ब्रेक असत. इंजिन ६० अश्वशक्तीचं, रस्ते मोकळे, वेग बेताचा. तेव्हा ते पुरत होतं. आज तुमच्या पुढची कार एबीएसच्या जोरावर करकचून थांबते आणि मागे तुम्ही आजोबांच्या काळातली जीप घेऊन असता. घाट उतरताना ड्रम तापतात आणि पेडल दाबूनही गाडी पुढे सरकत राहते. पावसात साचलेल्या पाण्यातून गेलं की ओले ड्रम थोडा वेळ धरतच नाहीत.

म्हणून हल्ली जीप नव्याने बांधताना पुढच्या दोन चाकांना डिस्क ब्रेक बसवून घेण्याकडे कल आहे. बदल चांगलाच आहे. पण अपेक्षा नीट ठेवा. कोरड्या रस्त्यावर पहिलाच जोराचा ब्रेक असेल तर चांगल्या स्थितीतला ड्रमही चाक लॉक करू शकतो, तिथून पुढे सगळं टायरच्या पकडीवर असतं. डिस्कचा फायदा दिसतो तो घाटातल्या दहाव्या वळणावर किंवा ओढा ओलांडल्यावर लगेच मारलेल्या ब्रेकला.

या कामाची चर्चा कुठेही ऐका. डिस्क कोणत्या गाडीची, कॅलिपर कुठून मिळाला, किती खर्च आला, सगळं बोललं जातं. ज्या पाच खुंट्यांवर हे सगळं टांगलेलं असतं, त्या व्हील स्टडबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. स्टड म्हणजे हबमध्ये घट्ट दाबून बसवलेला, बाहेरच्या बाजूला आटे असलेला तो छोटा दांडा. त्यावर चाक अडकवायचं आणि नट पिळायचा. एका चाकाला पाच स्टड, चार चाकांना वीस. आजचा सगळा लेख या विसांसाठी.

चाक बसलं, पण...

डिस्क ब्रेक बसवण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिल्यात जीपचा मूळ हब ठेवतात, दुसऱ्या एखाद्या गाडीची डिस्क लेथवर मापात आणून त्यावर चढवतात आणि कॅलिपरसाठी ब्रॅकेट बनवतात. दुसऱ्यात हबच बदलतात, नाहीतर आख्खा पुढचा अ‍ॅक्सल दुसऱ्या गाडीचा आणतात.

दुसरा मार्ग निवडला की गॅरेजवाल्यांना साहजिकच मारुती जिप्सी आठवते. कारणही तसंच आहे. विलीज जीपच्या चाकाला पाच भोकं असतात आणि त्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास असतो साडेपाच इंच. याला पीसीडी म्हणतात. साडेपाच इंच म्हणजे १३९.७ मिलिमीटर. जिप्सीचं चाकसुद्धा पाच भोकांचं आणि पीसीडी १३९.७ मिलिमीटर! त्यामुळे जीपचं चाक जिप्सीच्या स्टडवर अलगद जाऊन बसतं. मधलं मोठं भोक जुळतंय का तेवढं पाहायचं. मेकॅनिक खूश, तुम्हीही खूश. ‘‘बसतंय ना साहेब, मग झालं की!’’

इथेच थांबा. चाक सारखं आहे, नट सारखा नाही.

विलीज जीपचा स्टड अर्ध्या इंचाचा, एका इंचात २० आटे. जिप्सीचा स्टड मेट्रिक, एम १२ × १.२५, म्हणजे १२ मिलिमीटर जाडीचा आणि दोन आट्यांमध्ये १.२५ मिलिमीटर अंतर असलेला. आता जीपचं माप मिलिमीटरमध्ये करून बघा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. एका इंचात २० आटे म्हणजे दोन आट्यांमध्ये १.२७ मिलिमीटर. आट्यांच्या अंतरातला फरक एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा! बोटाला तो जाणवत नाही, डोळ्याला दिसत नाही.

जिप्सीचा नट जीपच्या स्टडवर चढवायला गेलात तर तो चढणारच नाही, कारण स्टड जाड आहे. ही चूक स्वतःच सावध करते. उलट केलंत, जीपचा नट जिप्सीच्या स्टडवर लावला, तर तो आरामात फिरत जातो. जरा सैल वाटतो, पण जातो. शेवटी थोडा आवळलाही जातो. प्रत्यक्षात आट्यांची फक्त टोकं एकमेकांना घासत असतात. जोर वाढला की ती टोकं कापली जातात आणि नट सुटतो, किंवा नुसताच गोल फिरत राहतो. पान्याचीही मदत होत नाही. जिप्सीच्या नटाला १९ मिलिमीटरचा पाना लागतो आणि जीपच्या नटाला अनेकदा पाऊण इंचाचा, म्हणजे १९.०५ मिलिमीटरचा. एकच पाना दोन्हीकडे चालतो आणि कुणाच्या लक्षात काही येत नाही.

एक सोपी परीक्षा घरी करता येते. नट हाताने तीन-चार फेरे चढवा आणि हलवून बघा. योग्य नट फार तर किंचित हलेल. चुकीचा नट दातातल्या सैल कवळीसारखा डुगडुगेल. हातात व्हर्निअर आणि आटे मोजायचं पिच गेज असेल तर उत्तमच. दोन्ही साधनं लेथवाल्याकडे असतात आणि तो पाच मिनिटांत मोजून देतो.

एका जीपचे तीन नट

आता यात आणखी एक गुंता आहे आणि तो पुष्कळ लोकांना ऐकून खोटा वाटतो. जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. म्हणजे नट सोडायचा असेल तर तो घड्याळाच्या दिशेने फिरवायचा आणि आवळायचा असेल तर उलट. गाडी पुढे जाताना डावं चाक डावीकडून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं, त्यामुळे साधा नट हळूहळू सैल होईल, अशी त्या काळच्या इंजिनियरांची धास्ती होती. ही फक्त जीपची खोड नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जुळणी झालेल्या डॉज आणि प्लिमथ या क्रायस्लरच्या गाड्या, आणि क्रायस्लरच्या अमेरिकेतल्या गाड्याही साधारण १९७० पर्यंत असंच करत. पुढे अनुभवाने कळलं की नटाची उतरती बैठक नीट असेल आणि नट योग्य जोराने आवळला असेल तर सरळ आटेही सैल होत नाहीत. मग ही पद्धत मागे पडली.

तुम्ही फक्त पुढच्या चाकांचे हब बदलले तर काय होईल ते मनात आणा. पुढच्या दोन्ही चाकांना १२ मिलिमीटरचे सरळ नट. मागच्या उजव्या चाकाला अर्ध्या इंची सरळ. मागच्या डाव्या चाकाला अर्ध्या इंची उलटे. एका गाडीला तीन प्रकारचे नट, दिसायला जवळपास सारखे, पाना एकच.

तुम्हाला हे सगळं पाठ असेल. पण रात्री नऊ वाजता महामार्गावर पंक्चर झालं आणि स्टिअरिंगवर तुमची मुलगी किंवा भाचा असेल, तर? पंक्चरवाला सवयीप्रमाणे डावीकडे पिळणार. उलट्या आट्यांचा नट त्याने आणखी घट्ट होणार. मग तो पान्याला लांब पाइप लावणार आणि त्यावर उभा राहणार. ७० किलोचा माणूस एक मीटर लांब पाइपच्या टोकावर उभा राहिला तर नटावर जवळपास ७०० न्यूटन-मीटरचा पीळ येतो. अर्ध्या इंची स्टडला १०० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतो. स्टड तुटला तर निदान दिसतो. न तुटता ताणला गेला तर कुणालाच काही कळत नाही आणि गाडी तशीच पुढे निघते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ब्रेक पुढच्या दोनच चाकांचे बदला, पण स्टड चारही चाकांचे एकाच वेळी, एकाच मापाचे, सरळ आट्यांचे घ्या. मूळ गाडीचा अस्सलपणा जपणाऱ्यांना उलटे आटे काढणं जिवावर येईल, ते मी समजू शकते. ज्यांची जीप फक्त प्रदर्शनात उभी राहते त्यांनी ते जरूर ठेवावेत. पण मग डिस्क ब्रेकही कशाला हवेत?

मोठं करता येतं, लहान नाही

कोणतं माप धरायचं? मी असेन तर अर्धा इंच. याला कारण आहे. स्टड हबच्या भोकात नुसता अडकवलेला नसतो. डोक्याजवळ त्याला दातेरी भाग असतो, नर्लिंग म्हणतात त्याला. हा भाग भोकापेक्षा केसभर मोठा असतो आणि प्रेसखाली दाबला की त्याचे दात भोकाच्या भिंतीत रुततात. त्यामुळेच नट पिळताना स्टड स्वतः फिरत नाही. अर्ध्या इंची स्टडचं भोक मोठं असतं. त्यात १२ मिलिमीटरचा साधा स्टड बसवला तर त्याचे दात भिंतीपर्यंत पोहोचणारच नाहीत. उलट, नव्या हबचं लहान भोक मोठं करून घेता येतं, अर्थात भोकाभोवती पुरेसं लोखंड असेल तरच. हे काम मशीन शॉपमध्ये हब पक्का धरून व्हायला हवं. हातातल्या ड्रिलने भोक वाकडं पडतं आणि मग पाचही स्टड चाकाच्या भोकांसमोर येत नाहीत.

भोकाभोवती लोखंड कमी असेल तर दुसरा पर्याय उरतो. मागच्या चाकांना १२ मिलिमीटर आट्यांचे, पण जाड दातेरी भागाचे स्टड शोधायचे. व्हील स्टडच्या कॅटलॉगमध्ये दातेरी भागाचा व्यास आणि आट्यांचं माप वेगवेगळं दिलेलं असतं, त्यामुळे हा शोध वाटतो तितका अवघड नाही. जमत नसलं तर निदान पुढच्या आणि मागच्या नटांना वेगवेगळा रंग द्या.

दातेरी भाग सैल राहिला तर स्टड फिरतो, चाक ना निघतं ना आवळतं. फारच मोठा असला तर हबला सूक्ष्म चीर जाते, आणि हे त्याहून वाईट, कारण चीर दिसत नाही. ‘‘जरा वेल्डिंगचा टाका मारतो, हलणार नाही,’’ असं कुणी म्हणालं तर तिथूनच गाडी परत आणा. कडक केलेल्या पोलादावर वेल्डिंग केलं की त्या जागी ते ठिसूळ होतं.

जुने स्टड काढतानाही एक मेख आहे. विलीजमध्ये हब आणि ड्रम एकमेकांना याच स्टडने जखडलेले असतात. स्टड आरपार घालून त्याची कड आतून पसरवलेली असते, रिव्हेट ठोकतात तशी. ती पसरलेली कड आधी कटरने कापून काढावी लागते. तसं न करता हातोड्याने स्टड ठोकून बाहेर काढला तर भोक मोठं होतं, हब वाकतो, आणि मग नवीन डिस्क कितीही चांगली असली तरी ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली थरथरतं. डिस्कला दोष देत बसू नका, आधी हब तपासून घ्या.

पाच नटांची पकड

बऱ्याच जणांना वाटतं की चाक स्टडवर टांगलेलं असतं आणि गाडीचं वजन स्टड पेलतात. तसं नसतं. नट आवळला की स्टड रबरासारखा किंचित ताणला जातो आणि चाकाला हबवर दाबून धरतो. अर्ध्या इंची स्टडवर १०० न्यूटन-मीटरने नट आवळला तर एकेक स्टड साधारण चार टनांच्या जोराने चाक दाबतो. पाच मिळून वीस टन. ब्रेक मारल्यावर चाकाचा पीळ हबपर्यंत पोहोचतो तो या दाबातून तयार झालेल्या घर्षणाने. घर्षण कमी पडलं की चाक हबवर केसभर पुढे-मागे सरकायला लागतं, स्टड वाकतात, पुन्हा सरळ होतात, पुन्हा वाकतात. तार वाकवून तोडतो ना आपण, अगदी तसंच.

इथून पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप समजतात. हब, डिस्क आणि चाक जिथे एकमेकांना टेकतात तिथे गंज, जाड रंग किंवा पावडर कोटिंग नको. रंगाचा थर काही दिवसांत दबतो आणि नट सैल होतो. जीप नवी करताना हौसेने सगळं रंगवलं जातं, म्हणून गॅरेजला हे आधीच सांगा. आट्यांना ग्रीस किंवा तेल लावायचं नाही. तेलामुळे नट जास्त सहज फिरतो आणि त्याच १०० न्यूटन-मीटरला स्टड ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त ताणला जातो.

नटाची बैठकही बघा. लोखंडी चाकाला बहुधा निमुळता नट लागतो. काही अलॉय चाकांना सपाट वॉशरचा, काहींना गोलसर बुडाचा. चाक बदललं की नटही त्या चाकाचाच हवा. निमुळत्या नटाखाली वॉशर घालून कधीच जुळवू नका.

लांबीचा हिशोब

डिस्कचा जो भाग टोपीसारखा हबवर बसतो तो ड्रमच्या पत्र्यापेक्षा जाड असतो. म्हणजे जुन्या स्टडची तेवढी लांबी आत जाते. समजा, स्टड हबच्या बाहेर ३२ मिलिमीटर येतोय. ड्रमचे ३ आणि लोखंडी चाकाचे ५ वजा केले तर नटाला २४ मिलिमीटर मिळत होते. चैनच होती. आता डिस्कची टोपी ७ मिलिमीटर आणि जोडीला हौसेची अलॉय चाकं, ज्यांची नटाजवळची जाडी १३ मिलिमीटर. उरले १२.

नियम असा धरा की स्टड जेवढा जाड, किमान तेवढी लांबी नटाच्या आट्यांत अडकलेली हवी. अर्ध्या इंचासाठी १२.७ मिलिमीटर. म्हणजे आपल्या हिशोबात स्टड कमी पडला. मोजायला पट्टीही नको, फेरे मोजा. अर्ध्या इंची, २० आट्यांच्या स्टडवर नट हाताने लावल्यापासून टेकेपर्यंत १० पूर्ण फेरे झाले पाहिजेत. एम १२ × १.२५ साठीही जवळपास १०. एम १२ × १.५ असेल, जो बऱ्याच गाड्यांना असतो, तर ८.

मग सरळ लांबच लांब स्टड घ्यावा का? त्यातही दोन फसवे प्रकार आहेत. पहिला, स्टडच्या मुळाशी आटे नसलेला गुळगुळीत भाग असतो. तो चाकाच्या जाडीतून बाहेर डोकावला तर नट त्या भागाला जाऊन अडतो. तुम्हाला वाटतं आवळला, चाक मात्र सैलच. दुसरा, चमकदार, बंद टोपीचे क्रोम नट. स्टड लांब असेल तर त्याचं टोक टोपीच्या आत जाऊन टेकतं आणि पुन्हा तोच भास होतो. उघडा नट वापरला तर टोक किती बाहेर आलंय ते निदान डोळ्याला दिसतं. मला जीपवर उघडेच नट आवडतात, छान दिसतात तेही.

डिस्क हबच्या पुढून बसणार की मागून, हेही आधीच विचारून घ्या. मागून बसली तर स्टडचं डोकं डिस्कच्या मागे जातं आणि दातेरी भाग हबपर्यंत पोहोचायला तेवढा लांब लागतो.

चाक कॅलिपरला घासत असेल तर गॅरेजमधून लगेच स्पेसरचा सल्ला येईल. जीपच्या मूळ १६ इंची चाकात सहसा जागा भरपूर असते. अडचण येते ती लहान, रुंद चाकं लावलेल्यांना. नुसता सरकवायचा स्पेसर पुन्हा स्टडचीच लांबी खातो. त्यापेक्षा योग्य ऑफसेटचं चाक शोधा.

खरेदीला जाताना

जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचे बाजार भारतभर आहेत. मुंबईत कुर्ला, कोलकात्यात मल्लिक बाजार, चेन्नईत पुदुपेट, दिल्लीत मायापुरी, आणि जीपवेड्यांना ठाऊक असलेलं हरियाणातलं मंडी डबवाली. डिस्कसाठी, ब्रॅकेटसाठी, सीटसाठी तिथे खुशाल फिरा. स्टड मात्र वापरलेले घेऊ नका. तो आधी किती ताणला गेलाय हे बघून कळत नाही आणि नवीन वीस स्टडचा खर्च सगळ्या कामाच्या मानाने किरकोळ असतो.

डोक्यावरची खूण वाचा. मेट्रिक स्टडवर १०.९ असा आकडा हवा. इंची मापात त्याच्या तोडीचा असतो ग्रेड ८. ‘‘लेथवर बनवून देतो, अगदी तसाच,’’ असं सांगणारा कारागीर कितीही कुशल असला तरी नको म्हणा. चांगल्या स्टडचे आटे कापलेले नसतात, दाबून उमटवलेले असतात, त्यामुळे ते जास्त चिवट असतात. शिवाय त्याचं पोलाद ठरावीक पद्धतीने तापवून कडक केलेलं असतं.

स्टडला क्रोम किंवा झिंकचं पाणी चढवून घ्यायचा मोहही टाळा. प्लेटिंगच्या टाकीत पोलादात हायड्रोजन शिरतो आणि नंतर ठरावीक तापमानाला भाजून तो काढला नाही तर कडक पोलाद ठिसूळ होतं. असा स्टड आवळल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी, गाडी उभी असतानासुद्धा, कट्‌कन तुटू शकतो. चमक हवी असेल तर नटाला द्या.

बसवताना हायड्रॉलिक प्रेस वापरायला सांगा. नट पिळून स्टड ओढून घेण्याची युक्ती सर्रास चालते, पण त्यात गाडी रस्त्यावर येण्याआधीच आटे ताणले जातात. बसल्यावर प्रत्येक स्टडचं डोकं हबला पूर्ण टेकलंय ना, ते मागून टॉर्च मारून स्वतः बघा. लाजायचं कारण नाही.

काम सुरू करण्यापूर्वी दोन विचारणा करून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करायचा नाही. तुमचा बदल त्यात बसतो का हे आरटीओला आधीच लेखी विचारा, विमा कंपनीलाही कळवा. जीप ५० वर्षांहून जुनी असेल आणि २०२१ च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज नोंदणी करायचा विचार असेल तर हा प्रश्न आधी सोडवा, कारण तिथे गाडी मूळ रूपात असण्यावर भर आहे.

मेकॅनिकला आणखी एक गोष्ट विचारायची, स्टडशी थेट संबंध नसली तरी. ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये बहुधा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जो लाइनमध्ये थोडा दाब कायम ठेवतो. तोच दाब डिस्कच्या लाइनमध्ये राहिला तर पॅड सतत घासत राहतात आणि चाक तापतं. मास्टर सिलिंडर दोन सर्किटचा घेतलात तर एक लाइन फुटली तरी निम्मे ब्रेक शिल्लक राहतात. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा.

गाडी ताब्यात घेताना नट टॉर्क रेंचने, तुमच्या समोर, एकाआड एक अशा क्रमाने आवळून घ्या. एअर गनने ‘टर्रर्र’ केलेलं चालणार नाही. टॉर्क रेंच नसेल तर अंदाजासाठी एवढं लक्षात ठेवा की १०० न्यूटन-मीटर म्हणजे अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण २० किलोचा भार. पहिल्या ८० ते १०० किलोमीटरनंतर गाडी थंड झाल्यावर सगळे नट पुन्हा तपासा. नवीन डिस्क, नवीन स्टड थोडे बसतात आणि एखादा नट पाव फेरा घेतोच. त्याच वेळी स्टेपनीजवळच्या डब्यात त्याच मापाचे दोन जादा नट ठेवा आणि डब्याच्या झाकणावर पक्क्या रंगाने लिहा: ‘अर्धा इंच, २० आटे, चारही चाकं सरळ.’ हिंदीतही लिहा. पंक्चर कुठल्या राज्यात होईल, काय सांगावं!